चार विजेतेपदं, तीन संघ, आणि आज त्यातला एकही शिल्लक नाही: गाय चेंबरलिन

आडवाटेचा

दर वर्षी सुपरबोल (अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना) जवळ आला की इथल्या चॅनेलांवर ‘सर्वकालीन थोर कोच’ छापाच्या याद्यांचा रतीब सुरू होतो. लोम्बार्डी असतो (सुपरबोलच्या ट्रॉफीलाच त्याचं नाव, त्याला कोण वगळणार?), शिकागोचा जॉर्ज हॅलस असतो, ग्रीन बेचा कर्ली लँबो असतो, बेलिचिक तर असतोच असतो. गाय चेंबरलिन मात्र क्वचितच दिसतो. या गड्याने पाच वर्षांत चार वेळा एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची मुख्य व्यावसायिक लीग, जिंकली आहे, आणि तीही तीन वेगवेगळे संघ घेऊन. तीन संघांना विजेता करणारा दुसरा कोच आजवर झालेला नाही.

मग त्याचं नाव कुणाला का माहीत नाही? मला विचाराल तर कारण साधं आहे. त्याने जिंकून दिलेले तिन्ही संघ बुडाले. हॅलसच्या मागे बेअर्स आहेत, लँबोच्या मागे पॅकर्स आहेत. दरवर्षी त्यांचे फोटो पुसून भिंतीवर लावणारं कुणीतरी आहे. चेंबरलिनचा वंशच चालला नाही.

जन्म १८९४ चा, नेब्रास्कातल्या ब्लू स्प्रिंग्स गावचा. आधी नेब्रास्का वेस्लियन कॉलेज, मग लिंकनची नेब्रास्का युनिव्हर्सिटी. १९१५ साली नेब्रास्काने नोत्र दामला २०-१९ असं हरवलं, त्या संघाचा हा हुकमी एक्का. मग पहिलं महायुद्ध, सैन्यातली नोकरी, आणि १९१९ मध्ये ओहायोच्या कँटन बुलडॉग्जकडे, त्या काळचा गाजलेला खेळाडू जिम थॉर्प याच्यासोबत.

पुढच्या वर्षी तो इलिनॉयमधल्या डिकेटरला गेला. तिथे स्टेली नावाची मक्यापासून स्टार्च बनवणारी कंपनी होती आणि तिचा फुटबॉल संघ होता. खेळाडू कंपनीच्या पगारावर, सरावही कामाच्या वेळातच. आपल्याकडे बँका नि रेल्वे खेळाडूंना नोकरीत घ्यायच्या, तसलाच प्रकार. संघ बांधायला आणलेला माणूस म्हणजे हाच जॉर्ज हॅलस. खेळाडूंच्या रांगेच्या एका टोकाला हॅलस उभा राही आणि दुसऱ्या टोकाला चेंबरलिन. या जागेला ‘एंड’ म्हणतात. चेंडू आपल्याकडे असेल तेव्हा एंडने पास झेलायचा किंवा पळणाऱ्यासाठी वाट मोकळी करायची. चेंडू समोरच्याकडे असेल तेव्हा बगलेतून निसटू पाहणाऱ्याला आडवा करायचा. आक्रमणाला वेगळे अकरा आणि बचावाला वेगळे अकरा ही चैन तेव्हा नव्हती. तेच अकरा जण साठ मिनिटं दोन्ही कामं करत.

१९२१ मध्ये स्टेलीसाहेबांनी संघ हॅलसच्या हवाली केला. एक मोसम कंपनीचं नाव चालव म्हणून वर पाच हजार डॉलर दिले. संघ शिकागोला गेला आणि त्याच वर्षी विजेता ठरला. पुढे त्याचे बेअर्स झाले. चेंबरलिन तिथेच राहिला असता तर हा धागा काढावा लागला नसता.

पण १९२२ साली कँटनचा मालक राल्फ हे याने त्याला खेळाडू आणि कोच म्हणून बोलावलं. हा राल्फ म्हणजे गाड्यांचा विक्रेता. १७ सप्टेंबर १९२० ला ज्या बैठकीत ही लीग काढायचं पक्कं झालं ती याच्याच शोरूममध्ये भरली होती. खुर्च्या पुरेनात म्हणून मंडळी गाड्यांच्या पायफळ्यांवर टेकली होती. तर अशा माणसाने चेंबरलिनच्या हाती संघ दिला, आणि पुढची दोन वर्षं कँटन हरलाच नाही. १९२२ मध्ये १० विजय, २ बरोबरी. १९२३ मध्ये ११ विजय, १ बरोबरी. १९२२ च्या बारा सामन्यांत मिळून त्यांनी प्रतिस्पर्ध्यांना किती गुण दिले असतील? पंधरा. सगळ्या मोसमात! १९२३ मध्ये एकोणीस.

आता यात कोच नेमकं काय करत होता हे समजून घ्यायला हवं. आज कोच कानाला हेडफोन लावून, हातात लॅमिनेट केलेला तक्ता धरून कडेला उभा असतो आणि प्रत्येक चाल तिथून पाठवतो. तेव्हा असं करणं नियमबाह्य होतं. बाकावरून सूचना द्यायला एनएफएलने परवानगी दिली ती १९४४ मध्ये. म्हणजे सामना सुरू झाला की बाहेर बसलेल्या कोचचे हात बांधलेले. ज्याला खरोखर सामना चालवायचा आहे त्याने मैदानात असलंच पाहिजे. क्रिकेटच्या कॅप्टनला आपण जे श्रेय देतो ते तिकडे अशा खेळाडू-कोचांना द्यायला हवं. अंगावर धडका झेलत, धापा टाकत विचार करायचा.

कँटन जिंकत होता आणि तोट्यात जात होता. छोटं गाव, खेळाडूंचे पगार मोठे, तिकीटविक्री तुटपुंजी. १९२४ मध्ये क्लीव्हलँडच्या सॅम डॉइच नावाच्या मालकाने अख्खा विजेता संघ अडीच हजार डॉलरला विकत घेतला, चांगले खेळाडू आपल्याकडे नेले आणि कँटनला कुलूप लावलं. चेंबरलिनही गेला. क्लीव्हलँड बुलडॉग्ज ७-१-१ (विजय-पराभव-बरोबरी) करून विजेते. तिसरं वर्ष, तिसरं विजेतेपद. एकमेव पराभव फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड यलो जॅकेट्सकडून.

आणि १९२५ मध्ये तो कुठे गेला असेल? अर्थातच फ्रँकफर्डला.

तिथलं पहिलं वर्ष १३-७. दुसऱ्या वर्षी, १९२६ मध्ये, १४ विजय, १ पराभव, २ बरोबरी. एका मोसमात चौदापेक्षा जास्त विजय मिळवायला लीगला १९८४ उजाडावं लागलं.

त्या वर्षाचा एक सामना सांगतो. ४ डिसेंबर १९२६, फिलाडेल्फियाचं शाइब पार्क. समोर हॅलसचे बेअर्स, तोवर एकही सामना न हरलेले. तेव्हा अंतिम सामना नावाची गोष्टच नव्हती, टक्केवारीत जो वर तो विजेता. त्यामुळे जो काही निकाल लागायचा तो इथेच. सामना जवळजवळ संपेपर्यंत कोरा. मग बेअर्सचा बिल सेन चेंडू घेऊन सुटला तो थेट टचडाउन (चेंडू समोरच्याच्या टोकाच्या रेषेपार नेला की सहा गुण). ६-०. आता फक्त जादा गुणाची किक, आणि मारणारा कोण, तर पॅडी ड्रिस्कॉल. त्या काळात त्याच्यासारखे किकर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चेंडू मागे आला, ड्रिस्कॉलने पाय फिरवला, आणि रांग फोडून घुसलेल्या बत्तीस वर्षांच्या कोचने ती किक अंगावर घेतली. गुण गेला. मग शेवटच्या काही मिनिटांत हूस्टन स्टॉकटनने हेन्री होमनला पास दिला. हा होमन मैदानावरच्या सगळ्यात बुटक्यांपैकी एक. टचडाउन. फ्रँकफर्डची जादा किक मात्र बसली. ७-६. बेअर्सचा तो त्या मोसमातला एकमेव पराभव.

यानंतर १९२७ मध्ये तो शिकागो कार्डिनल्सकडे गेला आणि आपटला. ३-७-१. तिथेच थांबला, परत नेब्रास्काला, शेतीकडे. पुढे राज्य सरकारचा पशुधन निरीक्षक, मग तिथल्या सुधारगृहाच्या शेतीवर देखरेख. १९६५ मध्ये हॉल ऑफ फेम (या खेळातल्या थोरांचं सन्मान-संग्रहालय), १९६७ मध्ये लिंकनला निधन.

इथल्या जाणकारांचं काय म्हणणं?

—

रानवारा

मस्त धागा! अमेरिकन फुटबॉल म्हणजे दर दहा सेकंदांनी थांबणारी मारामारी एवढंच माझं ज्ञान. तरी एका दमात वाचलं. अजून येऊ द्या.

—

नाना_डोंबिवली

धागाकर्ते, लेख झकास आहे पण जरा पाय जमिनीवर आणतो. बारा सामन्यांत पंधरा गुण वगैरे ऐकायला भारी वाटतं. समोर कोण होतं ते पण सांगा की. त्या लीगमध्ये निम्मे संघ आज आले उद्या गेले. वेळापत्रक लीग ठरवत नसे, संघ आपसात ठरवत. कुणाशी खेळायचं, किती खेळायचं ते ज्याचं त्याने बघायचं. १९२४ मध्ये याच क्लीव्हलँडने रॉचेस्टरला ५९-० हाणलंय. याला काय स्पर्धा म्हणायचं? ओहायोतल्या ओरांग इंडियन्सचा मालक तर संघ चालवायचा तो आपल्या कुत्र्यांच्या धंद्याची जाहिरात म्हणून! अशा लीगमध्ये चार वेळा जिंकला म्हणून लोम्बार्डीच्या पंगतीला बसवायचं?

—

आडवाटेचा

नाना, दुबळे संघ होते हे मान्यच. पण ते हॅलसला आणि लँबोलाही भेटत होतेच की! दुबळ्यांना सगळेच बदडत होते. प्रश्न असा की तगड्यांसमोर काय झालं? १९२६ चा बेअर्सचा सामना वर दिलाच आहे. १९२४ मध्येही क्लीव्हलँडने बेअर्सना १६-१४ असं हरवलंय.

—

गणिती

थोडे आकडे मांडतो, मला राहवत नाही.

सहा मोसमांची बेरीज ५८ विजय, १६ पराभव, ७ बरोबरी. त्या काळी लीग बरोबरीचे सामने हिशेबातच धरत नसे. तसं मोजलं तर ७४ पैकी ५८, म्हणजे ७८.४ टक्के. १९७२ पासून बरोबरी म्हणजे अर्धा विजय धरतात. तसं मोजलं तर ८१ पैकी साडेएकसष्ट, म्हणजे ७५.९ टक्के.

आता जॉन मॅडन, हाही गाजलेला कोच. १०३-३२-७. नव्या पद्धतीने बरोबर ७५ टक्के, जुन्या पद्धतीने ७६.३. लोम्बार्डी ९६-३४-६, नव्याने ७२.८. म्हणजे कसंही मोजा, चेंबरलिन दोघांच्याही वर राहतो.

नानांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. सहा मोसम हा नमुना लहान आहे. मॅडनचे दहा आहेत. आणि शेवटचं कार्डिनल्सचं वर्ष काढून टाकलं तर चेंबरलिनचं गणित ५५-९-६ होतं, एका वर्षाने एवढा फरक पडतो.

—

शेवंती

मी फिलाडेल्फियात असते, म्हणून फ्रँकफर्डबद्दल लिहिते. फ्रँकफर्ड म्हणजे शहराच्या ईशान्येचा एक कामगार भाग, आज तिथे मेट्रोच्या एका मार्गाचं शेवटचं स्टेशन आहे. संघ कुणा शेठजीचा नव्हता, तिथल्या अ‍ॅथलेटिक असोसिएशनचा होता आणि उरलेला पैसा दानधर्माला जायचा.

आडवाटेचा यांनी एक गंमत सोडून दिली. पेनसिल्व्हेनियात तेव्हा रविवारी खेळ भरवायला कायद्याने बंदी होती. बाकीची लीग खेळायची रविवारी. मग फ्रँकफर्डचे लोक शनिवारी घरी सामना खेळायचे, रात्री आगगाडीत बसायचे आणि रविवारी दुसऱ्या गावात दुसरा सामना खेळायचे. १९२५ मध्ये त्यांचे वीस सामने झाले ते असे. वर १३-७ लिहिलंय ना, ते सात पराभव बघताना ही दमछाकही बघा. तेव्हा संघात माणसं किती, तर १९२५ ला सोळा आणि १९२६ ला अठराची मर्यादा! आणि त्यात कोच स्वतः खेळतोय, म्हणजे रविवारी सकाळी कोचचंच अंग ठणकत असणार.

—

रानवारा

बाप रे. दोन दिवसांत दोन सामने? आमच्याकडे बॉक्स क्रिकेटची एक मॅच झाली की तीन दिवस जिना उतरता येत नाही.

—

पिंपळपान

शेवंतीताई, छान माहिती. १९२५ चा विषय निघालाच आहे तर पॉट्सव्हिलचं नाव घ्यायलाच हवं.

पॉट्सव्हिल म्हणजे पेनसिल्व्हेनियातलं कोळशाच्या खाणींचं गाव, त्यांचा संघ मरून्स. त्या वर्षी फ्रँकफर्डने आधी त्यांना २०-० हरवलं. नोव्हेंबरअखेर पॉट्सव्हिलने परतफेड केली ती ४९-० अशी. होय, चेंबरलिनच्या संघाला एकोणपन्नास-शून्य! नंतर पॉट्सव्हिलने शिकागो कार्डिनल्सलाही हरवलं. त्यांच्या मते विजेतेपद खिशात. मग त्यांनी नोत्र दामच्या माजी खेळाडूंशी एक प्रदर्शनी सामना ठेवला, तो नेमका फिलाडेल्फियात, शाइब पार्कवर. फ्रँकफर्डने तक्रार केली की हा आमचा इलाखा, आमच्या परवानगीशिवाय इथे खेळताच कसे? लीगच्या अध्यक्षांनी आधीच तंबी दिली होती. पॉट्सव्हिल तरीही खेळले, ९-७ ने जिंकले आणि लीगमधून निलंबित झाले. विजेतेपद कार्डिनल्सच्या नावावर लागलं. तो वाद शंभर वर्षं झाली तरी धुमसतोय, पॉट्सव्हिलकडून अजून अर्ज-विनंत्या होत असतात.

मला यात मजा ही वाटते की चेंबरलिनच्या कारकिर्दीत विजेतेपदाचे वाद पाठ सोडत नाहीत. १९२१ मध्ये स्टेलीज आणि बफेलो. बफेलोने स्टेलीजना ७-६ हरवलं, मग मोसमाच्या शेवटी परत सामना झाला तो स्टेलीजनी १०-७ जिंकला. बफेलोचं म्हणणं, तो नुसता मैत्रीचा सामना होता. लीगने तो धरला. १९२४ मध्ये उलट. ७ डिसेंबरला बेअर्सनी क्लीव्हलँडला २३-० झोडपलं, पण लीग म्हणाली, मोसम ३० नोव्हेंबरला संपला, हा सामना धरायचा नाही. दोन्ही वेळा पारडं चेंबरलिनच्या संघाकडे झुकलं.

—

नाना_डोंबिवली

हे पिंपळपान यांनी बरोबर नस पकडली. २३-० हरलेला संघ विजेता! आडवाटेचा, ‘तगड्यांसमोर काय झालं’ विचारत होता ना?

—

आडवाटेचा

तो सामना मी मुद्दाम टाळला असं वाटू नये म्हणून लिहितो: २३-० खरंच आहे आणि त्या दिवशी बेअर्स कितीतरी सरस होते. पण मोसमाची तारीख आधीपासून ठरलेली होती. परीक्षा संपल्यावर लिहिलेली उत्तरपत्रिका तपासायची का, एवढाच तो प्रश्न.

४९-० चा बचाव मात्र करणार नाही. मला तर त्या पराभवामुळे १९२६ जास्तच भारी वाटतं. असा मार खाल्ल्यावर पुढच्याच वर्षी १४-१-२!

—

काळवीट

धागा वाचतोय, उत्तम चर्चा. फक्त एक बाजू राहतेय. त्याच काळात फ्रिट्झ पोलार्ड होता. १९२० च्या विजेत्या अ‍ॅक्रन प्रोजचा हुकमी खेळाडू, १९२१ पासून त्याच संघाचा खेळाडू आणि सहकोच. एनएफएलमधला पहिला कृष्णवर्णीय हेड कोच. त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं कधी? २००५ मध्ये. माणूस १९८६ मध्येच गेलेला. आणि १९३४ पासून १९४५ पर्यंत लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. पुढचा कृष्णवर्णीय हेड कोच आर्ट शेल, तो थेट १९८९ मध्ये.

म्हणजे संघ बुडाला म्हणून माणूस विसरला गेला, हा तुमचा मुद्दा चेंबरलिनपुरता पटतो. पोलार्डच्या बाबतीत विसरले नाहीत, विसरवलं.

—

आडवाटेचा

काळवीट, शंभर टक्के सहमत. चेंबरलिनला १९६५ मध्येच घेतलं, हयातीत. हॉल सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती. मानाच्या बाबतीत त्याच्यावर अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. मी म्हणतोय ते लोकांच्या आठवणीबद्दल. पोलार्डवर तुम्हीच वेगळा धागा काढा, आग्रहाची विनंती.

—

मक्याचंकणीस

ओहायोत राहतो, कँटनचा हॉल ऑफ फेम आमच्याकडून गाडीने तासाभरावर. पाहुणे आले की नेतोच. कांस्य पुतळ्यांच्या त्या अंधाऱ्या दालनात सगळ्यांचे नुसते डोक्यापासून खांद्यापर्यंतचे पुतळे, रांगेने मांडलेले, प्रत्येकावर छोटा दिवा. लोक पेटन, मॅडन, लोम्बार्डी यांच्यापुढे फोटोसाठी थांबतात. चेंबरलिनपुढे कुणी थांबलेलं मी पाहिलेलं नाही. म्हणजे ज्या गावाला याने दोन वर्षं अजिंक्य ठेवलं त्याच गावात.

अवांतर: हॉल कँटनमध्ये आहे तो लीग तिथे स्थापन झाली म्हणून आणि बुलडॉग्जच्या पुण्याईवर. म्हणजे चेंबरलिनचा वंश चालला नाही असं अगदीच नाही म्हणता येणार, आडवाटेचा. घर उभं आहे, फक्त पाटीवर नाव दुसऱ्यांचं.

—

गणिती

मक्याचंकणीस यांचा मुद्दा आवडला. नेब्रास्काही त्याला विसरलेलं नाही. तिथल्या युनिव्हर्सिटीत दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या एका खेळाडूला गाय चेंबरलिन ट्रॉफी देतात, १९६७ पासून. कॉलेज अजून उभं आहे, त्यामुळे तिथे नाव राहिलं. म्हणजे धागाकर्त्यांचाच मुद्दा दुसऱ्या बाजूने सिद्ध होतो.

—

शेवंती

फ्रँकफर्डचं पुढे काय झालं ते कुणी लिहिलं नाही. मंदी आली, प्रेक्षक आटले आणि १९३१ च्या मोसमातच संघ बंद पडला. १९३३ मध्ये बर्ट बेल आणि लड रे यांनी तो मोकळा झालेला इलाखा घेऊन ईगल्स काढले. त्याच वर्षी रविवारची बंदी सैल झाली. ईगल्सच्या इतिहासात १९२६ चं विजेतेपद धरत नाहीत, लीगच्या लेखी तो वेगळाच संघ. इथे ईगल्ससाठी जीव टाकणाऱ्या माझ्या ऑफिसमधल्या मंडळींना विचारलं, शहराला पहिलं एनएफएल विजेतेपद कधी मिळालं? सगळे म्हणाले १९४८.

—

नाना_डोंबिवली

बरं बुवा, तेवढं मी सोडतो. पण १९२७ चं काय? ३-७-१. कोच एवढा थोर तर कार्डिनल्सकडे हात का टेकले? मला वाटतं तो खेळत होता तोवर जिंकत होता. खेळणं थांबलं, जिंकणं थांबलं.

—

आडवाटेचा

नाना, हा मात्र तुमचा सगळ्यात जोरकस प्रतिसाद. त्या वर्षी तो मैदानात जवळजवळ उतरलाच नाही, वय तेहतीस. आणि वर लिहिलंय तसं, बाकावरून काही सांगायची सोय नाही. त्या नियमाखाली बाहेर बसलेला चेंबरलिन म्हणजे अर्धा चेंबरलिन. शिवाय त्याच वर्षी लीग बावीस संघांवरून बारावर आली, दुबळे संघ गाळले गेले. म्हणजे तुमचा पहिला प्रतिसादही इथे लागू पडतो, हे कबूल करतो.

पण खेळाडू थोर आणि कोच बेताचा असं म्हणाल तर कँटनचे दोन दणकट टॅकल, पीट हेन्री आणि लिंक लायमन, दोघेही हॉल ऑफ फेमवाले, यांच्याकडून दोन वर्षं न हरता काम करून घेणं हे नुसत्या एंडचं काम नव्हतं. आणि फ्रँकफर्डला तर हेन्री नव्हता, १९२६ मध्ये लायमनही नव्हता, तो तेव्हा बेअर्सकडे होता. म्हणजे ७-६ च्या सामन्यात समोरच्या बाजूला.

—

पिंपळपान

लायमन समोर होता हे लक्षातच आलं नव्हतं. त्याच वर्षी रेड ग्रेंज या गाजलेल्या खेळाडूने काढलेल्या दुसऱ्या लीगमध्येही फिलाडेल्फियाच विजेतं, क्वेकर्स नावाचा संघ. एका शहरात दोन लीगचे दोन विजेते! पण क्वेकर्सनी नंतर एनएफएलच्या जायंट्सशी सामना खेळून ३१-० मार खाल्ला. ग्रेंजवर लिहायला घेतलंय, त्यात हे सविस्तर टाकतो.

—

रानवारा

पिंपळपान, लवकर टाका. आणि त्यात टॅकल म्हणजे काय ते आधी सांगा.